उजव्या दाढेवरचा चेहरा

मला माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. रस्त्यात कुणी अडवून "काय, ओळखलं का?" म्हणालं की मी ओळखल्यासारखं हसते आणि त्याच्या तोंडात बघते. बत्तीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये काम करते आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतून दातांचा साचा करतात, तो साचा डबीतून माझ्या टेबलावर येतो आणि त्यावर चपखल बसेल अशी कॅप मी घडवते, रंगवते, भट्टीत भाजते. पेशंटचं नाव आमच्यापर्यंत येत नाही. चिठ्ठीवर नंबर, वय, कुठला दात, कुठला रंग, बस. तरी सहा महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या दातासाठी आला तर साचा बघून मी सांगते, हे आपलं जुनं गिऱ्हाईक. आमचे भट्टीवाले काका म्हणतात, "बाई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या." मी म्हणते, पोलिसात चोर तोंड उघडत नाहीत.

दोन वर्षांपासून मला गोंदणवाली म्हणतात. दातावर चित्र काढून घ्यायची फॅशन आली आहे ना, त्यामुळे. खरं म्हणजे दातावर काही काढत नाहीत, कॅपवर काढतात. गालाकडच्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढ्या जागेत. कुणाला कुत्रा हवा असतो, कुणाला फूल, कुणाला क्रिकेटच्या संघाचं चिन्ह. एकानं बायकोचे डोळे काढून घेतले आणि दोन महिन्यांनी तेच डोळे घासून काढायला परत आला. काही महाभाग तर चांगली धडधाकट दाढ घासून तिच्यावर चित्राची कॅप चढवून घेतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते. पण काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. भिंगाखाली एका केसाच्या ब्रशनं रंग टेकवायचा, श्वास रोखून. भट्टीत गेला की रंग बदलतो. म्हणून जो रंग हवा तो लावायचाच नाही, भाजल्यावर जो होईल तो मनात धरून लावायचा. हे कुणाला शिकवता येत नाही. एकीला येत होतं.

त्या मंगळवारी सकाळी मालकांनी माझ्या टेबलावर डबी ठेवली. "चौकातल्या डॉक्टरबाईंकडून आली आहे. खालची उजवी दाढ, फिलिंगसकट तुटलेली. वर चेहरा काढायचा आहे. फोटो आत आहे. नीट करा, बाई फार चिकित्सक आहेत." मी डबी उघडली. खालचा साचा बाजूला ठेवला आणि वरचा हातात घेतला, दोन्ही जबडे जुळवून बघायला.

वरचा डावा पुढचा दात. त्याचा कोपरा तिरका तुटलेला, नख कापल्यासारखा. त्याच्या शेजारचा थोडा मागे लपलेला. उजवा सुळा वर चढलेला. मी साचा खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा उचलला. पुसून काय होणार होतं? या तोंडातला पहिला दात आला तेव्हा माझंच बोट चावलं होतं त्यानं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: स्त्री, वय अठ्ठावीस. माझी लेक अठ्ठावीस वर्षांचीच असणार. आणि तो कोपरा मी तोडला होता.

नऊ वर्षं झाली. लेक तेव्हा एकोणीसची. तिचा हात माझ्यासारखा, खरं तर माझ्याहून बारीक. मी घरी ठेवलेला एका केसाचा ब्रश तिनं मैत्रिणींच्या नखांवर फुलं काढायला घेतला आणि नेलपॉलिशमध्ये घालून त्याची वाट लावली. असा ब्रश विकत मिळत नाही. विकतच्या ब्रशाचे केस एकेक करून काढायचे आणि उरलेल्याला वळण लावत बसायचं, त्यात वर्ष जातं. मी ओरडले. ती म्हणाली, "ब्रशच आहे ना? कुणी मेलं तर नाही." माझा हात उठला. ती बेसिनपाशी उभी होती. तिचं तोंड नळाच्या तोटीवर आपटलं.

मारलं हे वाईटच. पण त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" आणि लेकीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बाथरूममध्ये पाय घसरला. हो ना गं?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. घरी ह्यांनाही तेच सांगितलं. शेजारणीनं खोदून विचारलं तेव्हा मोठ्या शहाणपणानं म्हणाले, जाऊ द्या हो, आपलेच दात, आपलेच ओठ. फाटलेला ओठ तिचा होता. लेक अकरा दिवस गप्प राहिली. बाराव्या दिवशी म्हणाली, "आई, बाबांना खरं सांग. बाकी काही नको." मी म्हणाले, "खरं काय सांगायचं त्यात? मी काय मुद्दाम केलं?" ती एक बॅग घेऊन गेली. ह्यांच्या फोनवर एकच निरोप आला, मी बरी आहे, शोधू नका. मग तो नंबरही बंद झाला. हे आजही लोकांना सांगतात, पोरगी बाथरूममध्ये पडली आणि त्यानंतर तिचं डोकंच फिरलं. मी शेजारी बसून ऐकते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मलाच माहीत.

डबीतला फोटो मी शेवटी बघितला. टोपडं घातलेलं एक तान्हं, फार तर वर्षाचं. बोळकं उघडून हसत होतं. खाली दोनच दात. डावी भुवई शेवटाला वर वळलेली, ह्यांच्यासारखी. मी नात बघत होते. मला नात होती आणि ती मला डबीतून कळत होती, दाढेच्या मापाबरोबर.

भट्टीवाले काका म्हणाले, "बाई, पंखा बंद करू का? फोटो हलतोय." पंखा बंदच होता.

मी क्लिनिकमध्ये फोन लावला. अमुक नंबरच्या पेशंटचा पत्ता हवा होता, रंगाबद्दल जरा विचारायचं आहे म्हटलं. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, पेशंटची माहिती देता येत नाही. रंगाचं काय ते डॉक्टरांना विचारा." दोन संध्याकाळी क्लिनिकसमोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. जिन्यातून बाया उतरत होत्या, तोंडं मिटलेली, कुणी गाल धरून. प्रत्येकीच्या मागे चार पावलं जायचं आणि परत यायचं. दुकानदारानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?" मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मला खोकला नव्हता.

घरी ह्यांना सांगावंसं फार वाटलं. जेवताना तोंडापर्यंत आलं. हे भाजीत मीठ कमी आहे म्हणाले आणि उठून मीठ आणायला गेले, तेवढ्यात मी गिळून टाकलं. सांगायचं तर कुठून सांगायचं? साचा ओळखला म्हटलं की कशावरून ओळखला ते आलं, आणि मग तुटका कोपरा आला, आणि मग बेसिन आलं. नऊ वर्षं ज्या माणसानं माझ्या खोट्यावर डोकं टेकून झोप काढली त्याच्या डोक्याखालची उशी ओढायची हिंमत माझ्यात नव्हती.

कॅप द्यायला आठ दिवस होते. चांगली झाली तर काय होणार, मला ठाऊक होतं. डॉक्टरबाई ती बसवणार, लेक पैसे देऊन जाणार, दहा-पंधरा वर्षं तिला इकडे फिरकायची गरज पडणार नाही. माझी कॅप सहसा पडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला नाही. आणि आमच्याकडे एक रीत आहे. कॅप बसली नाही, परत आली, तर दुसऱ्या वेळी पेशंटलाच लॅबमध्ये पाठवतात. कारागीर स्वतः तोंडात बघतो, आरसा लावतो, मग करतो. म्हणजे ती माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली असती. माझ्या भिंगाखाली. तोंड उघडून.

एकदा हे डोक्यात शिरलं की निघेना. नुसती उंच ठेवून भागणार नव्हतं, उंच कॅप डॉक्टर तिथल्या तिथे घासून बसवतात. कड आखूड करायला हवी होती. हिरडीपाशी केसभर उघडी राहील एवढी. तशी कॅप चिकित्सक डॉक्टर बसवणार नाही, परत पाठवणार. मी स्वतःला सांगितलं, तेवढ्यानं काय होतं? तोवर डॉक्टरांनी बसवलेली तात्पुरती कॅप आहेच, चार-आठ दिवस आणखी. कुणाचं काय बिघडतं?

चेहरा मात्र मी बिघडवू शकले नाही. तीन दिवस लागले. तीन वेळा भट्टीत घातला. गालावर लाली टेकवताना श्वास इतका रोखला की डोळ्यांपुढे अंधारी आली. वळलेली भुवई दोन ठिपक्यांची होती. काका भिंगातून बघून म्हणाले, "बाई, हे आता बोलेल." मग सगळे चहाला गेले तेव्हा मी रबरी चाक लावलं आणि कड घासली. चाकाचा आवाज मला इतका मोठा कधी वाटला नव्हता. चोराच्या मनात चांदणं. मालक आत आले तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. कुणी आलं नाही.

कॅप पाचव्या दिवशी परत आली. मालकांनी डबी माझ्यापुढे आपटली. "बत्तीस वर्षांत तुमची कॅप पहिल्यांदा परत आली. बरं वाटत नाही का? डोळे दाखवून या." मी मान खाली घातली. आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आता ती येणार म्हणून. मी विचारलं, "पेशंटला इकडे पाठवतायत ना?" मालक म्हणाले, "बघते म्हणाल्या."

मी रोज चांगले कपडे घालून लॅबमध्ये जाऊ लागले. केस नीट बांधले. समोरच्या खुर्चीची गादी उसवली होती, ती घरून सुई-दोरा नेऊन शिवली. काय बोलायचं ते घोकून ठेवलं, चाळीस वाक्यं झाली असतील, त्यातलं एकही आज आठवत नाही. दार वाजलं की मी उठायची. डबेवाला यायचा, नाहीतर वीज मीटर बघणारा. चार दिवस, सहा, नऊ. नातीसाठी लोकरीचे दोन पायमोजे विणले, अंगठ्याएवढे. ते पर्समध्ये घेऊन फिरत होते.

दहाव्या दिवशी ती आली नाही, नवी डबी आली. आत नवा साचा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरबाईंच्या घाईच्या अक्षरात चार ओळी. तात्पुरती कॅप सैल होऊन आत लाळ गेली. दाढ आधीच खोल किडलेली होती. पेशंटला तीन दिवस झोप नाही, गाल सुजला, नस काढावी लागली. कृपया या वेळी नीट करा.

मी ती चिठ्ठी कितीदा वाचली सांगता येत नाही. मग संडासात जाऊन कडी लावली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हे ऐकलं होतं, पण इथे बुक्क्या मारणारीही मीच होते, आणि मार दुसरीच खात होती. तीन रात्री ती पोर गाल धरून बसली असेल, पलीकडे तान्हं बाळ, आणि दुखतंय कशामुळे? आईला तिला बघायचं होतं म्हणून. एकाच तोंडाला मी दोनदा हात घातला होता. पहिल्यांदा निदान राग होता. या वेळी शांतपणे, चाक लावून, चहाच्या सुट्टीत केलं.

नवी कॅप मी दोन दिवसांत केली. इतकी नीट मी कधी केली नव्हती. चेहरा पुन्हा पहिल्यापासून काढला. मालकांनी सांगितलं, "डॉक्टरबाई चिडल्या आहेत. म्हणाल्या, या वेळी ज्यांनी केली त्यांनाच बसवताना इथे पाठवा. उद्या अकरा वाजता." ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते समोर आलं तेव्हा मला पळून जावंसं वाटत होतं.

क्लिनिकमध्ये त्यांनी मला मास्क दिला, डोक्याला टोपी, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. आरशात बघितलं तर माझं मलाच कुणी ओळखू येईना. बरंच झालं म्हटलं. आत गेले. खुर्चीवर लेक आडवी होती. केस कापले होते. गळ्याची हाडं वर आली होती. गाल अजून थोडा जाड होता. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर छताला लावली. मला वाटलं, ओळखलं नाही. मी तोंडातून शब्द काढला नाही, आवाज ओळखेल म्हणून. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण आवाज करारी. "मागच्या वेळी कड उघडी होती, बघितलंत ना? या वेळी तुम्हीच बसवून बघा."

मी लेकीच्या तोंडात बोट घातलं. नऊ वर्षांनी मी तिला हात लावत होते आणि तो हातमोज्यातून. कॅप बसली. डॉक्टरबाईंनी निळा कागद ठेवला, "चावा." तिनं चावलं. "उंच लागतंय?" तिनं मान हलवली, नाही. त्यांनी टोकदार सुई फिरवून कड तपासली, ती कुठेही अडकली नाही. डॉक्टरबाईंचा चेहरा जरा निवळला. सिमेंट घालून कॅप पक्की केली आणि लेकीच्या हातात आरसा दिला. तिनं बोटानं गाल ओढला आणि त्या मसुराएवढ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं.

"छान झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि वरचा ओठ उचलून बघितलं. "हा पुढचाही करून टाकू या का? छोटंसं काम आहे. कसा तुटला हा?"

लेकीनं आरसा खाली घेतला. तिनं डॉक्टरबाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, सरळ भिंगातून आत. तेव्हा मला कळलं की मी दारातून आत आले तेव्हाच तिनं मला ओळखलं होतं. ती उत्तर देत नव्हती. ती थांबली होती. अशाच खुर्चीवर, असाच प्रश्न होता, आणि त्या वेळी मी एका श्वासात उत्तर दिलं होतं.

बोललं की हे काम जाणार, हे दिसत होतं. घरी जाऊन ह्यांनाही सांगावं लागणार. मी मास्क खाली ओढला.

"मी मारलं होतं," मी म्हणाले. "तोंड नळावर आपटलं. पाय घसरला नव्हता. मी हिची आई आहे."

डॉक्टरबाईंच्या हातातलं ते बारीक आरशाचं साधन तसंच अधांतरी राहिलं. मला वाटलं आता थांबलं तर पुन्हा कधी जमणार नाही. म्हणून पुढचंही बोलून टाकलं. "आणि पहिली कॅप मी मुद्दाम आखूड केली. साचा ओळखला होता. परत आली तर ही लॅबमध्ये येईल असं वाटलं."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय?" डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "यांची नस गेली. तीन दिवस मी यांना रात्री-अपरात्री फोनवर गोळ्या सांगत होते."

"कळतंय."

"तुमच्या हातचं काम यापुढे माझ्याकडे येणार नाही. मालकांना मी आत्ता फोन करते." त्या लेकीकडे वळल्या. "यांना बाहेर पाठवू?"

"दोन मिनिटं असू द्या," लेक म्हणाली. नऊ वर्षांनी ऐकलेला तिचा पहिला आवाज. जाड झाला होता.

डॉक्टरबाई गेल्या. लेकीनं चूळ भरली, तोंड पुसलं, खुर्चीच्या कडेला पाय सोडून बसली. मी उभीच होते. माफ कर म्हणायचं होतं.

"तुमच्या लॅबचं नाव बाहेर भिंतीवर लावलंय," ती म्हणाली. "ते वाचूनच मी इथे आले. दाढ कुठेही करून घेता आली असती."

मला काही कळेना.

"चेहरा काढायचा म्हटला की काम तुझ्याकडेच येणार, हे मला माहीत होतं. फोटो तुलाच पाठवला होता मी. म्हटलं, साचा बघून आई ओळखणार. आणि ओळखलं तर कॅपच्या डबीत एक चिठ्ठी टाकेल." तिनं हातातला कागदी रुमाल घडी घालून लहान केला. "एक ओळ पुरली असती, आई. खरं काय झालं ते. मी ती डॉक्टरांच्या हातून घेतली असती आणि घरी आले असते."

"चिठ्ठी," मी म्हणाले. माझ्या टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. रोज पन्नास लिहिते. रंग, नंबर, तारीख. बत्तीस वर्षं डबीत चिठ्ठी घालते आहे. मला ते सुचलं नाही. देवाशपथ सांगते, एकदाही सुचलं नाही.

"पहिली डबी आली, मी इथेच उघडून बघितली," ती म्हणाली. "आत काही नव्हतं. वाटलं, ओळखलं नसशील. मग डॉक्टर म्हणाल्या, कड आखूड आहे. तेव्हा समजलं की ओळखलंस. तुझ्या हातून कड आखूड होत नाही." तिनं तो रुमाल टोपलीत टाकला. "तरीपण मी नवं माप दिलं. म्हटलं, आता तरी लिहील. लॅबमध्ये चला म्हणत होत्या त्या. मी नाही म्हणाले. मला खुर्चीत बसवून बघणारी आई नको होती. खरं सांगणारी हवी होती."

"आज सांगितलं," मी म्हणाले. माझाच आवाज मला भिकाऱ्यासारखा वाटला.

"हो. आज सांगितलंस." ती उठली, पर्स खांद्याला लावली. "मला ना आता थकायला झालंय. नऊ वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते, आणि आता ऐकलं तर दाढ दुखतेय फक्त."

मी पुढे झाले, हात वर केला, तिच्या गालाला लावायला. ती मागे सरकली. फार नाही, वीतभर. ठरवून सरकली असंही नाही. तिचं अंगच सरकलं. मी हात खाली घेतला.

बाहेर बाकावर एक मुलगी पाय हलवत बसली होती. सात वर्षांची असेल. मी जागच्या जागी थांबले. डावी भुवई शेवटाला वर वळलेली. मी हा चेहरा दोनदा काढला होता, दोन ठिपक्यांची ती भुवई. मी इतके दिवस मांडीवरचं तान्हं मनात धरून बसले होते. हिच्या पायात शाळेचे बूट होते. फोटो जुना होता एवढंच. पर्समधल्या त्या पायमोज्यांवर मी हात दाबून धरला.

"आई, झालं?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "या कोण?"

लेकीनं पर्सची चेन लावली, ती आधीच लागलेली होती. "दात करणाऱ्या," ती म्हणाली.

मुलगी बाकावरून उतरली, थेट माझ्यासमोर आली आणि बोटानं वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचे दोन दात पडले होते. "मग माझे करा."

मी खाली वाकले. चष्मा धुकट झाला होता, तो काढला. हिरडीत एका बाजूला नव्या दाताची पांढरी रेघ दिसायला लागली होती, सरळ, धड, कुठेही न तुटलेली.

"तुझे करावे लागत नाहीत," मी म्हणाले. "आपले आपण येतात. फक्त कुणाला हात लावू द्यायचा नाही."

लेक जिन्याच्या दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं. मग तिनं मुलीचा हात धरला आणि दोघी उतरून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही.